कवितेतले अलंकार, यमक, वृत्त: वर्गात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी मी कवितेचा वर्ग घेते. दहावीची मुलं येतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी येतात, निवृत्तीनंतर लिहायला लागलेले काका-काकू येतात. वयं वेगळी असली तरी प्रश्न फिरून फिरून तेच येतात. नवीन येणाऱ्यांना आधीच वाचता यावेत म्हणून ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवते आहे.

अलंकार म्हणजे दागिनाच ना? मग तो काढला तरी कविता उरायला हवी.

शब्दाचा अर्थ दागिना असाच आहे, आणि घोटाळाही तिथूनच सुरू होतो. दागिना अंगावरून उतरवून डब्यात ठेवता येतो. चांगल्या कवितेतला अलंकार तसा उतरत नाही, कारण कवीला ती गोष्ट मुळात दिसलेलीच तशी असते. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ असं बहिणाबाई म्हणतात तेव्हा संसाराबद्दलचा विचार आधी झाला आणि तवा मागून चिकटवला, असं होत नाही. चटका बसतानाच विचार झालेला असतो.

उलट, अलंकार नसलेली ओळही कविता असू शकते. अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकारानं काव्यप्रकाश या ग्रंथात काव्याची व्याख्या करताना ‘अनलंकृती पुनः क्वापि’ अशी मुभा ठेवली आहे. म्हणजे क्वचित ठिकाणी अलंकार नसला तरी चालेल. त्यामुळे प्रत्येक ओळीत अलंकार सापडलाच पाहिजे असा हट्ट धरू नका.

एकूण अलंकार किती? सगळे पाठ करायचे का?

भरताच्या नाट्यशास्त्रात चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंद या ग्रंथापर्यंत येता येता ते शंभराच्या वर गेले. मराठीत रोजच्या वाचनाला पंधरा-वीस पुरतात. पाठ करू नका. एकेका अलंकाराचं एकेक उदाहरण स्वतः तयार करा, मग तो विसरणार नाही.

शब्दालंकार आणि अर्थालंकार कसे ओळखायचे?

शब्द बदला आणि अर्थ तोच ठेवून बघा. ‘पानशेतचं पाणी पुण्याच्या पेठांत पोचलं’ हे वाक्य घ्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या दिवसाबद्दलचं. आता ‘धरणाचा लोंढा शहराच्या जुन्या वस्तीत शिरला’ असं म्हणा. माहिती तीच राहिली, पण ‘प’चा तो ठोका गेला. म्हणजे सौंदर्य आवाजात होतं, तो शब्दालंकार, आणि त्यातला अनुप्रास.

शब्द बदलूनही मजा शिल्लक राहिली तर अर्थालंकार. बहिणाबाईंच्या ‘जसा तवा’ऐवजी ‘तव्यागत’ किंवा ‘तव्यासारखा’ म्हटलं तरी चटका बसतोच.

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती यांत फार गोंधळ होतो. एकदाच नीट सांगाल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून उत्तर सविस्तर देते. अप्पय्य दीक्षितांनीच चित्रमीमांसेत म्हटलं आहे की उपमा ही एकटीच नटी आहे, निरनिराळ्या भूमिका घेऊन ती काव्याच्या रंगमंचावर नाचते. वर्गात आम्ही हेच करून बघतो. एकच दृश्य घेतो आणि त्याला एकेक भूमिका देतो.

जुलैतला सिंहगड डोळ्यांपुढे आणा. खडकवासल्याच्या बाजूनं बघितलं की माथा ढगात गेलेला असतो, अंग काळपट हिरवं, ओलं. पहिल्यांदा कुणीतरी म्हणतं:

‘सिंहगड घोंगडी पांघरून बसलेल्या धनगरासारखा दिसतो.’ इथे सिंहगड हे उपमेय, म्हणजे ज्याच्याविषयी बोलतो आहोत ते. धनगर हे उपमान, ज्याच्याशी ताडून बघतो ते. घोंगडी पांघरून बसणं हा दोघांतला साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा साम्यवाचक शब्द. चारही घटक जागेवर आहेत, तेव्हा ही उपमा. दोघं शेजारी शेजारी उभे आहेत आणि मध्ये ‘सारखा’ आहे.

‘सिंहगड म्हणजे जणू घोंगडी पांघरून बसलेला धनगरच!’ आता मधलं अंतर कमी झालं. गड हा धनगर नाही हे मनाला माहीत आहे, तरी क्षणभर ते तसं मानायला तयार होतं. ही उत्प्रेक्षा.

‘सिंहगड हा घोंगडीतला धनगर, आणि पायथ्याची गावं ही त्याची मेंढरं.’ इथे अंतर मिटलं. उपमेय आणि उपमान एकच झाले. हे रूपक. एकदा गडाला धनगर केलं की गावांना मेंढरं व्हावंच लागतं, हे लक्षात घ्या. रूपक वाढत जातं, एका वस्तूवर थांबत नाही.

‘हा सिंहगड नव्हेच, हा तर घोंगडी पांघरलेला धनगर!’ उपमेय चक्क नाकारलं. ही अपन्हुती. अपन्हुती म्हणजे झाकणं, लपवणं.

‘हा गड म्हणावा की धनगर?’ मन ठरवू शकत नाही, हा ससंदेह. आणि वाट चुकलेलं एखादं कोकरू गडालाच आपला धनगर समजून त्याच्याकडे धावलं, तर तो भ्रांतिमान. संदेहात मन दोलायमान असतं, भ्रांतीत ते ठाम चुकलेलं असतं.

‘धनगरसुद्धा ऊन पडलं की घोंगडी खांद्यावर टाकतो, हा मात्र चार महिने अंगावरची काढत नाही.’ उपमेय उपमानाच्या पुढे गेलं, हा व्यतिरेक. मराठीतला सर्वांत देखणा व्यतिरेक ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे:

माझा मराठाचि बोलु कौतुकें।
परि अमृतातेंही पैजा जिंके।
ऐसीं अक्षरें रसिकें। मेळवीन॥

मराठी अमृतासारखी आहे असं माउली म्हणत नाहीत. पैज लावली तर ती अमृतालाही हरवील, असं म्हणतात. व्यतिरेक म्हणजे काय हे सांगायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

शेवटी सगळ्या तुलना थकल्या की ‘सिंहगडासारखा सिंहगडच’. हा अनन्वय.

‘जणू’, ‘गमे’, ‘वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा लिहायची, हे बरोबर आहे का?

खुणेचे शब्द मदत करतात, निकाल देत नाहीत. माझ्या वर्गातल्या एका मुलाला शाळेच्या चाचणीत ओळ आली होती: ‘घरी जावे वाटे, पाऊस थांबेना’. त्यानं लिहिलं, इथे अलंकार नाही. शून्य मिळालं, कारण उत्तरसूचीत उत्प्रेक्षा होती. पण ‘वाटे’ इथे साध्या अर्थानं आलं आहे. घरी जावंसं वाटतं, बस. कशाची कशावर कल्पना केलेली नाही, उपमान नाही. मुलगा बरोबर होता आणि त्याला त्या दिवशी फार वाईट वाटलं, ते मला अजून आठवतं.

म्हणून आधी विचारायचं: कशाला कशाची उपमा दिली आहे? दोन वस्तू सापडल्या तर पुढे जायचं. खुणेचा शब्द सगळ्यात शेवटी बघायचा. हे पालकांनीही लक्षात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बहिणाबाईंनी कुठे अलंकार शिकले होते?

कुठेच नाही. त्या लिहायला-वाचायलाही शिकल्या नव्हत्या. म्हणूनच त्यांच्या दोन ओळींवर मी वर्गात अख्खा एक तास घालवते:

मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर

मन हे ढोर, म्हणून रूपक, एवढं लिहून परीक्षेत गुण मिळतात. पण जवळ जाऊन बघा. ‘वढाय’ म्हणजे ओढाळ, दुसऱ्याच्या शेतात शिरायची खोड लागलेलं जनावर. बहिणाबाईंनी गाय किंवा बैल म्हटलेलं नाही, ‘ढोर’ म्हटलं आहे. त्या शब्दात राग आहे आणि माया पण आहे, घरच्या जनावरावर ओरडताना असते तशी. पीक कोणतं? ‘उभं’ पीक. शेतात डोलणारं, अजून न कापलेलं, मेहनतीनं वाढवलेलं. रिकाम्या रानात ढोर शिरलं तर कुणी धावत नाही.

आता तोंडानं म्हणा: हाकला हाकला. एकदा हाकलून भागत नाही म्हणून शब्दही दोनदा. ‘वढाय वढाय’मध्ये ढोर दोनदा ओढ घेतं आणि ‘हाकला हाकला’मध्ये माणूस दोनदा काठी उगारतो. अर्थालंकार आणि आवाज एकाच दाव्याला बांधलेले आहेत. अलंकाराचं नाव घेणं ही वाचनाची पहिली पायरी. ढोरच का, उभं पीकच का, हे विचारायला लागलात की खरं वाचन सुरू होतं.

आणि हे फक्त बहिणाबाईंचं नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतोच. पुण्यात राहून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी, मावळ आणि महाराष्ट्रातल्या इतर खेड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत उपमा आहेत, रूपकं आहेत, चेतनगुणोक्ती (झाडा-नदीला माणसासारखं बोलायला-वागायला लावणं) आहे, आणि ती रचणाऱ्या बायकांना ही नावं सांगायला कुणी गेलं नव्हतं.

यमक आणि अनुप्रास एकच का? कवितेला यमक लागतंच का?

अनुप्रास म्हणजे एकाच अक्षराची आवृत्ती. ती ओळीत कुठेही होते. यमकाच्या बाबतीत दोन अर्थ चालतात. संस्कृत परंपरेत तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थानं पुन्हा आला तर यमक. मराठीत आपण चरणाच्या शेवटी जुळणाऱ्या अक्षरांना सरसकट यमक म्हणतो. शास्त्रात त्याला अंत्यानुप्रास म्हणतात. दोन्ही माहीत असू द्या, भांडत बसू नका.

वरची ज्ञानेश्वरीची ओवी पुन्हा बघा. कौतुकें, जिंके, रसिकें अशी तीन चरणांत जुळणी आहे. चौथा ‘मेळवीन’ आखूड आणि मोकळा. तीन पावलं चालून चौथ्यावर थबकायचं, अशी ती चाल. सतराव्या शतकातल्या वामन पंडितांना तर यमकांच्या सोसामुळे लोक ‘यमक्या वामन’च म्हणत.

यमक नसलेली कविता पूर्ण कविताच असते. कवी अनिलांनी मुक्तछंद मराठीत रुजवला, त्याला आता कितीतरी दशकं झाली. मात्र यमक सोडलं की दुसरं काहीतरी ओळ धरून ठेवायला हवं: श्वासाची लय, शब्दाची पुनरावृत्ती, एखादी प्रतिमा. नाहीतर गद्याच्या ओळी मध्येच तोडल्यासारख्या वाटतात.

गझलेतले रदीफ आणि काफिया म्हणजे यमकच का?

काफिया म्हणजे यमक, रदीफ म्हणजे यमकानंतर जसाच्या तसा परत येणारा शब्द. वर्गासाठी मी केलेला मतला देते:

लागले दारात तोरण, ये घरी
वाट पाहे रोज अंगण, ये घरी

‘ये घरी’ हा रदीफ. तोरण, अंगण हे काफिये. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, दोन्ही ओळींत ते येतात. पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत येतील, ‘श्रावण, ये घरी’, ‘कारण, ये घरी’ असे. गझल मराठीत आणणारे माधव जूलियन पुण्याचेच म्हणायला हरकत नाही. १९२३ मध्ये इथे सुरू झालेल्या रविकिरण मंडळातले ते प्रमुख कवी.

अभंगाची अक्षरं कशी मोजायची?

बोटांवर. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरं असतात.

सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी ।
कर कटावरी । ठेवोनिया ॥

सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. ‘ध्या’ जोडाक्षर असलं तरी एकच अक्षर. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-या, चार. इथे ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, फक्त संख्या. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण असतात.

कधी एखादं अक्षर जास्त निघतं. ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ मध्ये दुसऱ्या चरणात सात भरतात. घाबरू नका, अभंग गाण्यासाठी आहे आणि गाताना ते अक्षर सुरात विरघळतं. हे कानांनी पटवून घ्यायचं असेल तर आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा जा. तुकोबांची नाना पेठेत निवडुंगा विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. टाळावर पाऊल पडतं आणि चौथ्या आखूड चरणावर अख्खी दिंडी जी किंचित थांबते, तिथे अभंगाचा छंद पायांना कळतो.

लघु-गुरू शिकायलाच हवं का?

लिहिण्यासाठी सक्ती नाही, पण मनाचे श्लोक येत असतील तर अर्धं काम झालंच आहे. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’. म-ना-स, ज्ज-ना-भ, क्ति-पं-थे, चि-जा-वे. प्रत्येक तुकडा लघु-गुरू-गुरू, म्हणजे उच्चाराला आखूड-लांब-लांब. तीन अक्षरांच्या अशा तुकड्याला ‘य’ गण म्हणतात, तो इथे चार वेळा आला आहे. हे बारा अक्षरांचं भुजंगप्रयात वृत्त. ‘स’ आणि ‘भ’ ऱ्हस्व असूनही गुरू धरले, कारण पुढे जोडाक्षर आहे आणि त्याचा आघात मागे येतो.

श्लेष म्हणजे विनोदच असतो का?

विनोदात जास्त वापरतात म्हणून तसं वाटतं. शब्द एकदाच येतो आणि दोन अर्थ देतो, एवढंच श्लेषाचं लक्षण. ‘आजोबांच्या वहीत आणि अंगणातल्या पिंपळावर आता एकच पान उरलं आहे.’ यात हसण्यासारखं काही नाही. हाच शब्द दोनदा आणून ‘वहीच्या पानावर पिंपळाचं पान’ म्हटलं की ते संस्कृत अर्थानं यमक होतं.

झाडं बोलतात, नदी रुसते, याला काय म्हणतात?

चेतनगुणोक्ती. बालकवींच्या आठ ओळींच्या ‘औदुंबर’मधलं झाड शेवटी पाण्यात पाय टाकून बसतं, ते बघा. झाड नुसतं माणूस झालेलं नाही. आधीच्या ओळींतून आलेली वाट, झरा, शेतं सगळी हलती आहेत आणि हा एकटा बसलेला आहे.

प्रतिमा आणि प्रतीक हे अलंकार का?

जुन्या यादीत ते नाहीत, आधुनिक समीक्षेतून आले. वाडा पाडताना एका खोलीची भिंत उघडी पडते आणि त्यावर कुणीतरी पेन्सिलनं मारलेल्या मुलांच्या उंचीच्या रेघा दिसतात. ही प्रतिमा, इंद्रियांना जाणवणारं चित्र. कवितेत त्या रेघा परत परत आल्या आणि घरातून वाढून निघून गेलेल्या सगळ्यांसाठी उभ्या राहिल्या, की त्यांचं प्रतीक झालं.

लक्षणा आणि व्यंजना सोप्या करून सांगा.

विसर्जनाच्या दिवशी ‘सगळं पुणं रस्त्यावर उतरलं’ असं आपण म्हणतो. शहर उतरत नाही, माणसं उतरतात. सरळ अर्थ, म्हणजे अभिधा, बसत नाही म्हणून जवळचा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा.

व्यंजनेत सरळ अर्थ बसतो, पण तिथे थांबत नाही. ‘दिवेलागण झाली’ हे तीन शब्दही नसलेलं वाक्य घ्या. आजीनं गल्लीत खेळणाऱ्या नातवाला म्हटलं तर अर्थ होतो, घरी ये. सुनेला म्हटलं तर, देवापाशी दिवा लाव. आणि मुलगा परगावाहून यायचा असताना खिडकीत उभी राहून ती स्वतःशीच म्हणाली, तर त्यात काळजी आहे. शब्द तेच. नवव्या शतकात आनंदवर्धनानं या न बोललेल्या अर्थाला ध्वनी म्हटलं आणि तोच काव्याचा आत्मा मानला. माझ्या मते अलंकारांची यादी नंतर शिकवावी, आधी ही दिवेलागण शिकवावी.

मी नुकतीच लिहायला लागले आहे. कवितेत अलंकार मुद्दाम घालू का?

घालू नका, शोधा. आमच्याकडे येणाऱ्या एका अकरावीतल्या मुलीनं आईवर कविता आणली होती. त्यात आईचे हात कमळासारखे होते. मी विचारलं, ‘तू कमळ हातात धरलं आहेस कधी?’ नाही म्हणाली. ‘मग आईचे हात कसे आहेत ते सांग.’ तिची आई मंडईजवळ हार विकते. मुलगी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘ताई, झेंडूनं तिची नखं कडेला पिवळी असतात. आणि ह्या बोटावर’, तिनं आपली तर्जनी पुढे केली, ‘दोरा ओढून ओढून खाच पडली आहे.’

पुढच्या शनिवारी तिनं ओळ आणली: ‘आईच्या बोटावर दोऱ्याची पायवाट’. कमळ गेलं होतं. रूपक आलं होतं, आणि ते रूपक आहे हे तिला मी नंतर सांगितलं.

पुण्यात वाचायला, ऐकायला कुठे जाऊ?

टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे, १९०६ पासूनची. तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत कवितासंग्रह हाताळायला मिळतात. दोन-चार कविता उभ्या उभ्या, ओठ हलवत वाचा आणि मगच पुस्तक निवडा. वर्गाला यायचं असेल तर वही आणा, आणि तुमच्या घरात ऐकलेली एखादी ओवी, पाळणा किंवा म्हण लिहून आणा. पहिला तास आपण तिच्यावरच घेतो.